दुसऱ्या क्रमांकाची रायफल

छत्तीस वर्षांच्या नोकरीत हाताळलेल्या बऱ्याच गुन्ह्यांचे तपशील आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळले आहेत. कोणता पंचनामा कोणत्या गावचा, हे सांगताना मी चुकतो. मात्र निवृत्तीनंतर, अंगावर वर्दी नसताना, कतारमध्ये एका गुरुवारी सकाळी सातपासून दुपारी पाचपर्यंत मी जो तपास केला, तो मला अजून जसाच्या तसा सांगता येतो. त्यात गुन्हा नोंदला गेला नाही, कोणाला अटक झाली नाही, वर्तमानपत्रात ओळ आली नाही. आज ते लिहून ठेवतो आहे. कोणाचेही नाव घेणार नाही. ती पोलिसाची सवय आहे आणि त्या माणसांचा मानही.

नोकरीची शेवटची सात वर्षे मी एका पोलीस प्रशिक्षण केंद्रात गोळीबाराचा मुख्य शिक्षक होतो. निवृत्त झालो तेव्हा नव्वदचे दशक संपत आले होते. पत्नी दोन वर्षांपूर्वी गेली होती. मुलगी आणि जावई कतारमध्ये मेसईदला होते; जावई खताच्या कारखान्यात इंजिनीअर, राहायला कंपनीचे घर. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, नाशकात एकटे बसून काय करणार? इकडे या. निदान वेळेवर जेवाल तरी."

गेलो. पण माणसाला जेवणाखेरीज काहीतरी काम लागते. दोन महिन्यांत मी कंपनीच्या वसाहतीतले सगळे रस्ते पाठ केले. माझी घालमेल जावयाच्या लक्षात आली आणि ओळखीतून त्याने मला समैस्मा गावाच्या बाजूला असलेल्या एका खासगी नेमबाजी केंद्रात नेले.

केंद्राचे मालक सत्तरीतले कतारी गृहस्थ होते. सगळे त्यांना हाजी म्हणत. त्यांच्या वडिलांचा मुंबईत मोत्यांचा व्यापार होता आणि हाजींच्या लहानपणातली काही वर्षे मुंबईत गेली होती. त्यामुळे त्यांची हिंदी अस्सल मुंबईची होती. मुलाखत पाच मिनिटांत संपली.

"इन्स्पेक्टर साब, मेरे को एकही चीज़ मंगता है. इधर किसी को गोली नहीं लगना चाहिए. बाकी सब इन्शाल्ला."

सुरक्षा आणि प्रशिक्षण अशी दोन्ही कामे माझ्याकडे आली. आवारातच एक खोली मिळाली. गुरुवारी संध्याकाळी मी मेसईदला जात असे आणि शनिवारी पहाटे परत येत असे.

मी आल्या आल्या पोलीस ठाण्याची शिस्त लावली. शस्त्रागाराला दोन कुलपे, दोन किल्ल्या, दोन माणसांकडे. रोज सकाळी सातला मोजणी आणि नोंदवहीत सही. मोजणी जुळली नाही तर रेंज पूर्ण बंद. हत्यार सापडेपर्यंत एकही गोळी झाडायची नाही. हा शेवटचा नियम मी मोठ्या अक्षरांत इंग्रजी, अरबी आणि उर्दूत लिहवून घेऊन फलकावर लावला. केंद्राचा मॅनेजर पुण्याचा होता, तिशीतला, आधी दोह्यातल्या वेस्ट बेच्या एका हॉटेलात काम केलेला. तो हसून म्हणाला, "सर, हे क्लब आहे, लॉकअप नाही."

"हत्याराला ते कळत नाही," मी म्हणालो.

शस्त्रागाराची दुसरी किल्ली ज्याच्याकडे होती, त्याच्याविषयी आधी सांगायला हवे. तो पाकिस्तानी होता. त्यांच्या सैन्यात बावीस वर्षे आर्मरर, म्हणजे हत्यारांची दुरुस्ती आणि देखभाल करणारा, म्हणून काम करून निवृत्त झालेला. उंच, किंचित वाकलेला, दाढी मेंदीने लाल केलेली, चश्म्याच्या दोन्ही काड्यांना दोरा बांधून तो गळ्यात अडकवलेला. सगळे त्याला उस्ताद म्हणत. काम असे करायचा की मी माझ्या पोलीस प्रशिक्षण केंद्रातल्या आर्मररला त्याच्या हाताखाली आनंदाने पाठवले असते. पण तेव्हा आमच्या दोन देशांच्या सीमेवर नुकतेच रक्त सांडले होते. माझ्या हाताखाली शिकलेली एक-दोन मुले पुढे सैन्यात गेली होती. मी उस्तादशी कामापुरते बोलत असे. तोही मर्यादा ओलांडत नसे. रोज चारला चहाचा कप माझ्या टेबलावर ठेवून जाई, इतकेच.

त्या वसंतात हाजींनी ठरवले की शाळेतल्या मुलांसाठी वर्ग सुरू करायचा. भारतीय शाळांना तेव्हा गुरुवार-शुक्रवार सुट्टी असे, म्हणून गुरुवारी दुपारची वेळ ठरली. केंद्रात होत्या त्या जुन्या, एकेक गोळी भरायच्या जड रायफली. हाजींना मुलांसाठी सहा नव्या सेमी-ऑटोमॅटिक रायफली हव्या होत्या. चाप ओढला की एकच गोळी सुटते, पुढची आपोआप नळीत येते, पण ती सुटायला चाप सोडून पुन्हा ओढावा लागतो, अशी ही खेळाची रायफल. बोअर बावीसचे, म्हणजे सर्वांत लहान काडतूस. बजेट मध्यम होते आणि निवड माझ्यावर सोपवली होती.

असे काम मला मनापासून आवडते. विक्रेत्यांनी तीन नमुने पाठवले. आम्ही त्यांना पहिली, दुसरी, तिसरी असेच म्हणत असू. पहिली देखणी होती. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, चाप लोण्यासारखा. पण तिच्या किमतीत दुसरीच्या जवळपास दोन आल्या असत्या. शिवाय ती साडेतीन किलोच्या वर. दहा-अकरा वर्षांच्या मुलाने दोन मिनिटे खांद्याला लावली की हात थरथरणार. तिसरी स्वस्त, वर फुकटात दुर्बीण. माणसे त्या दुर्बिणीलाच भुलतात. पहिल्याच दिवशी शमाल, म्हणजे तिकडचा धुळीचा वारा सुटला आणि तिसरीत दर दहा गोळ्यांमागे एक अडकू लागली. वाळवंटात ज्या बंदुकीला धूळ सोसत नाही ती नुसती काठी. तिचा प्रश्न तिथेच मिटला.

दुसरी मात्र मनात भरली. हलकी, दस्ता आखूड, उघडायला सोपी, साध्या काडतुसांवर चालणारी. पंचवीस मीटरवर मी तिच्या पाच-पाच गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकता येतील अशा बसवल्या; याला आम्ही ग्रुपिंग म्हणतो. चार दिवस रोज शंभर गोळ्या झाडल्या, एकदाही अडकली नाही. मी तीन पानांचा अहवाल लिहिला आणि शेवटी शिफारस केली: दुसऱ्या क्रमांकाची रायफल, नग सहा.

हाजी तेव्हा डोळ्यांच्या उपचारासाठी परदेशी होते. गुरुवारी दुपारी परतणार होते आणि आल्यावर ऑर्डरवर सही करणार होते. त्याच दुपारी मुलांचा पहिला वर्ग होता. मॅनेजरच्या आग्रहाखातर त्यात दुसऱ्या क्रमांकाच्या नमुन्यावर प्रत्येक मुलाला पाच गोळ्या झाडायला मिळणार होत्या. आठ मुले होती, त्यातली एक माझी नात. अकरा वर्षांची. मी मराठीत विचारायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. बुधवारी फोनवर विचारले, "तयारी झाली का गं?" तर म्हणाली, "आजोबा, आय हॅव बीन रेडी सिन्स संडे."

गुरुवारी सकाळी सातला मी मोजणी केली. नोंदवहीत एकेचाळीस होत्या, रॅकवर चाळीस. पुन्हा मोजल्या. चाळीस. दुसऱ्या क्रमांकाची जागा रिकामी होती.

नोकरीत असताना हत्यार गहाळ झाल्याची प्रकरणे मी दुसऱ्यांची तपासली होती. इथे एक किल्ली माझ्याच खिशात होती.

मॅनेजरला बोलावले. त्याचा चेहरा पांढरा पडला. "सर, हे आजच्या आज गव्हर्नमेंटला कळवायला लागेल. लायसन्सवर माझी सही आहे. केंद्र बंद होईल, आपण सगळे आत जाऊ."

"कळवायचेच आहे. पण काय कळवायचे ते आधी कळू दे. हाजी चारला येतात. तोवर नाही सापडली तर पाचच्या ठोक्याला मी स्वतः येतो तुझ्याबरोबर, आणि किल्ली माझ्याकडे होती हे लिहून देतो."

त्याने मान हलवली. रेंज बंद केली, फाटक बंद केले, मुलांचा वर्ग रद्द झाल्याचे फोन केले. माझी मुलगी मात्र नातीला घेऊन मेसईदहून बसने आधीच निघाली होती. त्या दोघी दोह्यात उतरून केंद्राच्या गाडीने यायच्या त्या आल्याच. नात कॅन्टीनमध्ये तोंड पाडून बसली.

मग मी चौकशीला लागलो. कुलपे पाहिली; दोन्ही शाबूत, ओरखडा नाही. फाटकावरच्या पहारेकऱ्याची वही पाहिली. बुधवारी संध्याकाळी सहानंतर एकही गाडी बाहेर गेलेली नाही. शस्त्रागार रात्री मी आणि उस्तादने मिळून बंद केले होते. सकाळी सहाला उस्ताद स्वच्छतेसाठी उघडतो, तेव्हा मी माझी किल्ली त्याच्याकडे देतो. हा माझ्याच शिस्तीतला ढिलेपणा. म्हणजे सहा ते सात हा तास, आणि माणूस एकच.

मी उस्तादला कार्यालयात बसवले. तो खुर्चीच्या कडेवर ताठ बसला, हात गुडघ्यांवर.

"सुबह रॅक पे कितनी थीं?"

"इकतालीस, साब."

"अभी कितनी हैं?"

"चालीस."

"एक किधर गई?"

"गेट से बाहर नहीं गई, साब. मेरे होते हथियार बाहर नहीं जाता."

"मग आहे कुठे?" रागात मी मराठीतच विचारले. त्याला ते कळले.

"जो बोलना है, हाजी साब के सामने बोलूँगा. चार बजे."

मी आवाज चढवला, उतरवला, गप्प बसून पाहिले. हे सगळे प्रकार मी शेकडो लोकांवर वापरलेले होते. खोटे बोलणारा माणूस न विचारलेले तपशील पुरवतो. कुठे होतो, कोणी पाहिले, तब्येत कशी बरी नव्हती. उस्ताद जितके विचारले तितकेच सांगत होता, आणि त्यापुढे दार बंद. दुसरी गोष्ट मला अधिक खटकत होती. हत्यार हरवल्यावर आर्मरर वेडापिसा होऊन शोधतो. हा सकाळपासून शोधत नव्हता. शांतपणे उरलेल्या चाळीस रायफलींना तेल लावत बसला होता.

तासभर डोके आपटल्यावर माझा तोल गेला. मी म्हणालो, "तुम्हारे मुल्क में हथियार ऐसे ही ग़ायब होते होंगे."

त्याने चश्मा काढला, तो गळ्यात लोंबकळू दिला आणि माझ्याकडे पाहिले. "बाईस साल में मेरे हाथ से एक सुई ग़ायब नहीं हुई, साब." मग उठून, परवानगी न मागता, तो बाहेर गेला. मी त्याला अडवले नाही. बोललो त्याची लाज त्याच क्षणी वाटली, पण कबूल करायचे धैर्य नव्हते.

दुपारी एकला मी हातपाय गाळून बसलो होतो. तेवढ्यात आमच्या ऑफिसच्या सेक्रेटरी आत आल्या. वसईच्या ख्रिस्ती बाई, चाळिशीच्या. नवरा एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन. केंद्रात माझ्याशी मनमोकळे मराठी बोलणाऱ्या त्या एकट्याच. समोर डबा ठेवून म्हणाल्या, "सर, पहिलं दोन घास खा. मग मी एक सांगते. कामाचं आहे की नाय, मला ठाऊक नाय."

"आधी सांगा."

"उस्ताद मागच्या आठवड्यात माझ्याकडे आलेले. इंग्लिशमध्ये लेटर टाइप करून मागत होते, हाजींच्या नावाने. मी विचारलं, कसलं लेटर? तर सारखं म्हणतात, बेटी, लिखो, डबल होता है, डबल बंद होना चाहिए. मला वाटलं डबल ड्युटीचं बोलतायत. मी म्हटलं, उस्ताद, ओव्हरटाइमचं मॅनेजरकडे असतं, माझ्याकडे नाय. ते जरा हसले, छोडो बेटी म्हणाले आणि गेले. आज मला ते आठवलं. एवढा सरळ माणूस, पैशासाठी रुसून असं करील?"

मी डबा बाजूला सरकवला.

गोळीबार शिकवणाऱ्या माणसाला 'डबल' शब्दाचा अर्थ एकच कळतो. चाप एकदा ओढला आणि गोळ्या दोन सुटल्या, त्याला आम्ही रायफल डबल झाली म्हणतो. आतला घोडा पहिल्या गोळीनंतर एका छोट्या कडीवर अडकून थांबायला हवा. ती कडी झिजली किंवा तिच्यात धूळ गेली की घोडा निसटतो आणि कोणी चाप न ओढता दुसरी गोळी जाते. माझ्यासारख्या माणसाच्या हातात हे झाले तर तो शिवी देऊन रायफल खाली ठेवतो. मुलाच्या हातात झाले तर? पहिल्या आवाजाला मूल दचकते, मागे वळून शिक्षकाकडे पाहते, नळी त्याच्याबरोबर वळते, आणि त्याच घटकेला दुसरी गोळी.

मी सरळ उस्तादच्या कार्यशाळेत गेलो. तो नमाजाला गेला होता. त्याची लहान खोली मी शंभरदा पाहिली होती, पण खण कधी उघडले नव्हते. जुन्या नळ्या ठेवायच्या लांबट लाकडी पेटीत, सात-आठ गंजक्या नळ्यांखाली, एक नवी नळी तेलकट फडक्यात गुंडाळलेली होती. तिला सुतळीने चिठ्ठी बांधली होती. वर उर्दूत काही, आणि खाली इंग्रजी आकड्यांत दुसऱ्या क्रमांकाच्या रायफलीचा पूर्ण नंबर. दुसऱ्या खणात दस्ता, चिठ्ठीसकट. तिसऱ्यात गोळ्या भरायचे मॅगझीन, चौथ्यात नळी मागून बंद करणारा बोल्ट. मी ते भाग एकेक करून टेबलावर मांडले. चोर चोरीच्या मालाला चिठ्ठ्या बांधत नाही.

चापाचा भाग तेवढा मिळेना. मी वळलो तर उस्ताद दारात उभा होता. त्याने सदऱ्याच्या खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि तो भाग टेबलावर इतर भागांशेजारी ठेवला.

"ये मेरे पास था. इसी में बीमारी है."

"मला का नाही सांगितलंस?" मी मराठीतून हिंदीत आलो. "मुझे क्यों नहीं बताया?"

"बताया था, साब. जिस दिन धूल चली, चाय के टाइम. मैंने कहा, दूसरी वाली का मिज़ाज ठीक नहीं है. आपने कहा, उस्ताद, मिज़ाज शायरी में देखते हैं, रेंज पर ग्रुपिंग देखते हैं."

मी तसे म्हणालो होतो. शब्द न् शब्द. त्या वेळी मला तो विनोद फार आवडला होता. संध्याकाळी जावयालाही ऐकवला होता.

उस्ताद बसला आणि सकाळपासून बंद ठेवलेले दार त्याने एकदाचे उघडले. धुळीच्या दिवशी साफसफाईआधी तो रायफल तपासत होता, तेव्हा ती दोनदा डबल झाली. पण मी चाचणी घ्यायचो ती रोज सकाळी, त्याने आदल्या संध्याकाळी चकचकीत केल्यानंतर. "मैं इतनी साफ़ करके देता था कि आपको दिखती कैसे?" मला सांगून झाले. पत्र लिहून होईना. मॅनेजरकडे गेला तर तो म्हणाला, इन्स्पेक्टरसाहेबांचा रिपोर्ट आहे, त्यात तू पडू नकोस. हाजी देशाबाहेर. आणि गुरुवार आला.

"तो फिर मैंने सोचा, क़ायदा तो आपने ही बोर्ड पे लगाया है. गिनती कम हो तो रेंज बंद. आप सात बजे गिनेंगे, एक कम मिलेगी, क्लास बंद हो जाएगी. शाम को हाजी साब के सामने निकालकर रख दूँगा. फिर नौकरी जाए तो जाए." त्याने रुमालाची घडी घातली. "आपकी बच्ची का नाम लिस्ट में सबसे ऊपर था, साब."

मी टेबलावरचे भाग त्याच्याकडे सरकवले. मी म्हणालो एवढेच, "जोड."

त्याने रायफल जोडली. पण फक्त त्याच्या सांगण्यावरून मी माझी शिफारस मागे घेणार नव्हतो. पोलिसाला पुरावा लागतो, आणि उस्तादलाही तेच हवे होते. चारला हाजी आले, विमानतळावरून सरळ, डोळ्यांवर काळा चश्मा. मी त्यांना पाच वाक्यांत सगळे सांगितले. माझे शायरीचे वाक्य त्यात धरून. त्यांनी फक्त रेंजकडे हात केला. "यल्ला, चलो."

मी आडवा झालो. रायफलीला उस्तादने ना तेल लावले ना फडके फिरवले. उलट आवारातली चिमूटभर बारीक धूळ फुंकरीने आत जाऊ दिली, तिकडे उघड्यावर तासभर ठेवली तर जाते तेवढीच. हाजी, मॅनेजर, सेक्रेटरी मागे रांगेत उभे. माझी मुलगी आणि नात काचेमागे. मी झाडत गेलो. पन्नास, शंभर, दीडशे. काहीच होईना. मॅनेजर घड्याळ बघत होता. दोनशेच्या पुढे खांदा ठणकायला लागला आणि माझ्या मनात एक हलकट विचार येऊन गेला, की काही झाले नाही तर मी बरोबर ठरेन.

तेविसावे मॅगझीन होते. मी चाप ओढला. 'टक-टक.' दोन आवाज, इतके जवळ की नवख्याला एकच वाटावा. मी चापावरून बोट काढले, नळी समोरच ठेवली आणि पुन्हा श्वास घेऊन ओढला. एक. पुढच्याला पुन्हा दोन. त्या मॅगझीनच्या टार्गेटवर, मी जितक्या वेळा चाप ओढला त्याहून दोन भोके जास्त होती, त्यातले एक कागदाच्या वरच्या कडेला.

मी रायफल रिकामी केली, बोल्ट उघडा ठेवला आणि उभा राहिलो. काचेमागे नात हात हलवत होती. तिला काही कळले नव्हते. तिच्या दृष्टीने आजोबांनी भरपूर गोळ्या झाडल्या होत्या.

"खलास," हाजी म्हणाले. "ये वापस जाएगी."

मॅनेजरचे समाधान झाले नव्हते, आणि त्याचेही चूक नव्हते. "सर, रायफल खराब आहे, मान्य. पण उस्तादने हत्यार लपवलं. उद्या दुसऱ्या कोणी असं केलं तर? डिसमिस करायला पाहिजे." त्याच्या जागी असतो तर मीही हेच म्हणालो असतो.

मी कागद घेतला आणि तिथेच, उभ्याउभ्या, अहवाल लिहिला. रायफल केंद्राच्या आवाराबाहेर गेली नाही. आर्मररने ती दोषामुळे सुटी केली, त्याची नोंद वहीत केली नाही. ही त्याची चूक. दोषाची माहिती त्याने प्रशिक्षण प्रमुखाला तोंडी दिली होती, प्रमुखाने ती ऐकून घेतली नाही. ही प्रमुखाची चूक. स्वतःची किल्ली रोज तासभर दुसऱ्याच्या हातात देत होतो, हेही लिहिले. खाली सही केली. आयुष्यात स्वतःविरुद्ध लिहिलेला तो माझा पहिला जबाब.

हाजींनी तो सेक्रेटरीबाईंकडून वाचून घेतला. मग चश्मा वर करून आम्हा दोघांकडे पाहिले. "दो आदमी का ग़लती है. तो दोनों को सज़ा. कल जुम्मा है, नमाज़ के बाद दोनों मिलके चालीस बंदूक साफ़ करेगा. और इन्स्पेक्टर साब, तुम इसका हाथ के नीचे. वो बोलेगा, तुम करेगा."

आधी बाई हसल्या, मग मॅनेजर, मग सगळेच.

त्या आठवड्यात मी मेसईदला गेलो नाही. शुक्रवारी दुपारी आम्ही दोघे कार्यशाळेत बसलो. पहिल्या दहा रायफली तो सांगेल तशा मी पुसल्या. मग मी म्हणालो, "उस्ताद, कल सुबह जो मैंने मुल्क के बारे में..."

"साब, वो टाइम गुज़र गया. ब्रश सीधा पकड़िए, नली ख़राब होगी."

मी ब्रश सरळ धरला. संध्याकाळपर्यंत त्याच्या दोन मुलींची लग्ने, त्याच्या गावची विहीर, माझ्या पत्नीचे आजारपण, सगळे बोलून झाले. तिच्याविषयी मी मुलीशीही इतके बोललो नव्हतो.

पुढे आम्ही निवड नव्याने केली, आणि या वेळी दोघांनी मिळून. वेगळ्या विक्रेत्याकडून तसाच हलका नमुना मागवला. उस्तादने तो पाच दिवस न पुसता वापरायला लावला. सहाऐवजी चार रायफली बजेटात बसल्या. हाजी म्हणाले, मुले पाळीपाळीने मारतील, घाई कसली. नातीला नेम धरायला मी शिकवले. पण रायफल उघडून साफ करायला उस्तादने. ती त्याच्याशी हिंदी बोलायला शिकली, आणि गंमत म्हणजे त्यानंतर माझ्याशी मराठीही. एकदा त्याने तिला विचारले, "बंदूक से पहले क्या चेक करते हैं?" तर म्हणाली, "उस्ताद का मूड." तो इतका हसला की चश्मा गळ्यात लोंबकळला.

तीन वर्षांनी तो कायमचा घरी गेला. त्यानंतर ईदला मी फोन करायचो, दिवाळीला तो करायचा. लाइन खरखरायची, दोघांनाही कमी ऐकू यायचे, आणि आम्ही दोघेही ओरडून एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करायचो. एका वर्षी फोन त्याच्या मुलीने उचलला. मी कोण हे सांगायच्या आधीच ती म्हणाली, "आप इन्स्पेक्टर साब हैं ना? अब्बा आपकी बहुत बातें करते थे." 'करते थे' या शब्दांनीच मला कळले.

मी पोलिसात छत्तीस वर्षे न बोलणाऱ्यांना बोलते करण्यात घालवली. त्यात मी वाकबगार होतो, असे माझे वरिष्ठही म्हणत. पण कोणी आपणहून, साध्या शब्दांत, चहाचा कप ठेवता ठेवता काही सांगून जातो, ते ऐकण्याचे प्रशिक्षण मला कोणी दिले नव्हते, आणि मीही माझ्या एकाही विद्यार्थ्याला दिले नाही. तो माणूस दुसऱ्या देशाचा असेल, हुद्द्याने खालचा असेल, त्याला इंग्रजी पत्र लिहिता येत नसेल, तर आपण त्याचे म्हणणे पुराव्यात धरतच नाही. एखाद्या जुन्या प्रकरणात खरा दुवा असाच कोणीतरी माझ्यापुढे ठेवला असेल आणि मी तो विनोदात उडवला असेल, ही शंका आता जात नाही. त्या सगळ्यांची माफी मागणे शक्य नाही. एकाची मागता आली, तीही त्याने पुरती मागू दिली नाही.

नात आता अमेरिकेत आहे. मध्यंतरी तिने फोन करून विचारले, तिच्या गावातल्या नेमबाजी क्लबात मध्यम किमतीची एखादी रायफल घ्यायची आहे, कोणती घेऊ? मी म्हणालो, मॉडेल मला सांगू नकोस. त्या क्लबात रायफली साफ कोण करतो, ते शोध. त्याच्याशेजारी जाऊन एक दिवस बस, आणि तो काय बोलतो ते ऐक.

"ओके, आजोबा," ती म्हणाली. मग मराठीत, जरा अडखळत, "त्याच्यासाठी चहा घेऊन जाते."